आंतरराष्ट्रीय पत्रकारिता आमच्या किनाऱ्यावरून उचलू नका

प्रति,
मा. कुलगुरू,
तसेच पत्रकारिता अभ्यासमंडळाचे आणि विद्यापरिषदेचे सर्व मा. सदस्य यांस,

स.न.वि.वि.

आपल्या विद्यापीठाच्या किनारपट्टीवरच्या केंद्रात पत्रकारितेच्या एम.ए.ला असलेला ‘आंतरराष्ट्रीय पत्रकारिता’ हा विशेष अभ्यासगट येत्या शैक्षणिक वर्षापासून बंद होणार, असे परिपत्रक आमच्या हाती आले आहे. ज्यांना हा विषय शिकायचा असेल त्यांनी मुख्य परिसरात प्रवेश घ्यावा, केंद्रात यापुढे फक्त ग्रामीण पत्रकारिता शिकवली जाईल, असे त्यात म्हटले आहे. कारणे दोन दिली आहेत: पटसंख्या पुरेशी नाही, आणि हा विषय स्थानिक गरजांशी सुसंगत नाही.

पटसंख्येबद्दल पुढे लिहिते. दुसरे कारण वाचल्यावर मात्र गप्प बसणे मला जमले नाही. आणि पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका वर्गाचा नाही. ज्यांच्या घरातले कोणी बोटीवर आहे, कोणी आखातात आहे, ज्यांचा आंबा परदेशी जातो, ज्यांच्या सड्यावर परदेशी भांडवलाचा प्रकल्प आखला गेला आहे, त्या सगळ्यांना हे कळायला हवे.

मी या अभ्यासगटाच्या शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातली. बाबा व्यापारी जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आहेत, काका आंबा बागायतदार. माझे शिक्षण या वर्षी पूर्ण होईल, त्यामुळे निर्णय फिरला काय नि न फिरला काय, माझ्या गुणपत्रिकेत फरक पडणार नाही. पण माझी चुलत बहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला हाच विषय घ्यायचा आहे. तिला एसटीने केंद्रात जाऊन-येऊन शिकू द्यायला घरचे तयार आहेत. शहरात खोली घेऊन राहण्याचा खर्च घराला झेपणारा नाही. परिपत्रकातले ‘मुख्य परिसरात प्रवेश घ्यावा’ हे चार शब्द तिच्या बाबतीत प्रवेश नाकारण्यासारखेच आहेत. तिच्यासारख्या मुली आमच्या तालुक्यात आणखीही आहेत, आणि मी त्यांच्या वतीने बोलते आहे.

स्थानिक गरज म्हणजे आपण काय समजता, हे मला विचारायचे आहे.

१९९२ साली गुहागर तालुक्यातल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार झाला. १९९५ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. दाभोळच्या खाडीवरची ही बातमी समजून घ्यायची तर तिचे निम्मे कागद अमेरिकेत होते.

आमच्या तालुक्यात माडबन-जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प आखलेला आहे. भट्ट्या फ्रान्सच्या, ईपीआर नावाच्या दाबजल अणुभट्टीच्या प्रकारच्या. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष निकोला सार्कोझी भारतात आले होते, तेव्हा त्याचे प्राथमिक करार झाले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. घरात मोर्च्यांच्या, अटकांच्या, जमिनीच्या मोबदल्याच्या बातम्या मोठ्याने वाचल्या जायच्या. स्थानिक वार्ताहरांनी त्या ऊनपावसात फिरून दिल्या होत्या आणि त्यांच्या कष्टांची मला जाण आहे. पण याच प्रकारची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल इथे २००७ पासून बांधली जात होती. ती २०१२ मध्ये सुरू व्हायची होती, वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला २००५ साली बांधायला घेतलेली भट्टी नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने जाहीर केले, की फ्लामानव्हिलच्या भट्टीपात्राच्या पोलादात काही ठिकाणी कार्बनचे प्रमाण असायला हवे त्याहून जास्त आढळले आहे. चीनमधल्या ताईशानची भट्टी मात्र २०१८ मध्येच सुरू झाली. यातली कोणती माहिती प्रकल्पाच्या बाजूची आणि कोणती विरोधातली, ते वाचणाऱ्याने ठरवावे. मला एवढेच म्हणायचे आहे, की हे सारे जगासमोर उघड होते आणि आमच्या वाडीतल्या बैठकांत त्यातले एक वाक्यही कधी आले नाही. कोणी दडवले होते असे नाही. परदेशी नियामकाचा अहवाल शोधणारा, पडताळणारा आणि तो मराठीत सांगणारा बातमीदार इथे कोणी घडवलाच नव्हता. फ्लामानव्हिल हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आपल्याच केंद्राच्या वर्गात, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. ज्या गावापासून प्रकल्पाची जागा दिसते त्या गावात मी लहानाची मोठी झाले, तरी.

आंब्याचे तसेच. १ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. बंदी आली ती ऐन हंगामात. काकांनी परदेशासाठी निवडून ठेवलेला माल वाशीला मिळेल त्या दराने गेला. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. ती का आली, ब्रसेल्समध्ये कोणत्या समितीने काय तपासले, उठली ती कोणत्या अटींवर, उष्णजल प्रक्रियेचे आणि पॅकहाउसच्या तपासणीचे नियम काय झाले, हे काकांना कळायला पुढचे दोन हंगाम गेले. आणि कळले ते एका निर्यातदाराकडून, त्याच्या सोयीने. अमेरिकेचे नियम आणखी वेगळे. तिथे २००७ पासून आपला आंबा विकिरण प्रक्रिया केल्याशिवाय उतरत नाही. मे २०२५ मध्ये त्या प्रक्रियेच्या कागदपत्रांतल्या त्रुटींवरून आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळाला काही झाले नव्हते. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला आपल्या पेटीची वाट एका परदेशी तक्त्यातल्या रकान्यावर अडते हे समजायला हवे, आणि ते समजावणारी बातमी इथल्याच कोणीतरी लिहायला हवी.

आता बोटींबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतले आणि त्यानंतर बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पडू लागले. त्या हिवाळ्यात बाबांची बोट सुएझकडे निघाली होती. एजंटच्या ऑफिसातून आईला एकच उत्तर मिळायचे, काळजी करू नका. आम्ही घरी येणारे वर्तमानपत्र उलटसुलट वाचायचो. त्यात तेलाचे भाव होते, शेअर बाजार होता, मोठ्या देशांच्या नेत्यांची वक्तव्ये होती. कोणत्या बोटी मार्ग बदलून आफ्रिकेला वळसा घालताहेत, त्यांवर कोण माणसे आहेत, धोक्याच्या पट्ट्यात जायला खलाशाला नकार देता येतो का, याबद्दल काही नव्हते. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांना अशी कितीतरी घरे होती, आणि सगळी एकमेकांना व्हॉट्सअपवर आलेले खरेखोटे व्हिडिओ पाठवत बसली होती. बाबांची बोट शेवटी केप ऑफ गुड होपवरून गेली. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ एमएससी एरिज ही मालवाहू बोट पकडली. तिच्यावरच्या २५ माणसांत १७ भारतीय होते. पुन्हा तीच घालमेल, या वेळी शेजारच्या वाडीत. त्याच उन्हाळ्यात मी या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला.

वर्गात काय शिकले ते सांगते, म्हणजे आपण काय बंद करताय ते कळेल. जहाजाचे नाव बदलते, झेंडा बदलतो, मालकी कंपन्यांच्या साखळीत हरवते, पण आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. बातमीची सुरुवात तिथून करायची. पनामाचा, लायबेरियाचा किंवा मार्शल बेटांचा झेंडा लावलेल्या बोटीवर राजापूरचा पोरगा अडचणीत आला तर कायद्याने जबाबदार कोण, मालक कोण, विमा कोणाचा, भरती कोणत्या एजंटमार्फत झाली, हे चार प्रश्न वेगवेगळ्या देशांत जाऊन विचारावे लागतात. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २०१४ साली झालेली दुरुस्ती जानेवारी २०१७ पासून लागू आहे. दोन महिने पगार थकला तर खलाशाला वाऱ्यावर सोडले असे धरता येते, आणि मालकाला सक्तीने ठेवाव्या लागणाऱ्या हमीतून परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मागता येतो. ही माहिती आमच्या किनाऱ्यावरच्या किती घरांत आहे? मी ज्यांना विचारले त्यांत बाबांसकट कोणालाही नव्हती.

पहिल्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी बनावट भरती एजंटांवर बातमी केली. जवळच्या गावातल्या एका मुलाच्या घरच्यांनी दागिने मोडून पैसे भरले होते. त्याला पर्यटक व्हिसावर आखातात उतरवले आणि नोंदणीच नसलेल्या एका लहान बोटीवर चढवले. नौवहन महासंचालनालयाच्या यादीत एजंटचा परवाना कसा तपासायचा, व्हिसाचा प्रकार कागदावर कुठे पाहायचा, तिकडच्या खलाशी संघटनेशी कसे बोलायचे, मुलाचे नाव कुठवर उघड करायचे आणि कुठे झाकायचे, हे सगळे मला याच अभ्यासगटात शिकवले होते. बातमी एका स्थानिक साप्ताहिकात आली. त्यानंतर दोन घरची माणसे मुलांचे कागद घेऊन आमच्या अंगणात आली. ही स्थानिक गरज नसेल तर स्थानिक गरज कशाला म्हणायचे, ते कृपया आम्हाला लेखी कळवावे.

या विषयाचा इतिहासही आम्हाला इथूनच पाहायला शिकवला. १८७० मध्ये हावास, वोल्फ आणि रॉयटर या तीन वृत्तसंस्थांनी जगाची वाटणी केली. ब्रिटिश साम्राज्य, म्हणजे आपणही, रॉयटरच्या वाट्याला गेलो. १९४९ मध्ये पीटीआय या भारतीय वृत्तसंस्थेने काम सुरू केले. १९६५ मध्ये गाल्टुंग आणि रूगे या नॉर्वेतल्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की दूरच्या देशातली घटना बातमी होते ती ठरावीक निकषांनी: बलाढ्य देशांची, मोठ्या माणसांची आणि वाईट असेल तर लवकर. १९८० मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो, असे सांगितले. आमच्या सरांनी हे सारे शिकवल्यावर एक प्रश्न फळ्यावर लिहिला: जैतापूरची बातमी जगाला कोणी सांगितली? उत्तर आम्हाला ठाऊक होते. बाहेरून आलेले बातमीदार दोन दिवस राहायचे, स्थानिक माणूस त्यांना गाडीतून फिरवायचा, नंबर द्यायचा, भाषा समजावून द्यायचा, बातमी त्यांच्या नावाने छापली जायची. फिक्सर हा आपल्याकडच्या पोरांच्या वाट्याला आलेला हुद्दा. शिकवणे मुख्य परिसरात हलवले आणि इथे फक्त ग्रामीण पत्रकारिता ठेवली, तर तो हुद्दा आणखी एका पिढीला चिकटेल.

मला ग्रामीण पत्रकारिता कमी वाटते असे कृपया समजू नये. माझा आक्षेप वाटणीला आहे. गावची मुले गावाचे लिहितील आणि शहरातली मुले जगाचे, अशी ही वाटणी आहे. आमच्या गावात ती लागूच होत नाही. मच्छीचा दर चीनच्या आणि जपानच्या मागणीवर हलतो. कासवे अडकू नयेत अशी सोय आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत नव्हती म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा मासळी प्रक्रिया कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या गावच्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या रोजंदारीचा. आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, नजरकैदेत होता. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीला येऊन गेले. त्या वेळची स्थानिक कात्रणे आम्ही प्रकल्पासाठी चाळली. मिळाली त्यांत बंदोबस्ताची माहिती भरपूर होती, म्यानमारबद्दल जवळजवळ काही नव्हते.

आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांत जड आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तालुक्यातल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. आंतरराष्ट्रीय पत्रकार संघटनांनी दखल घेतली. ज्या रिफायनरीचा हा वाद होता तिच्या भागीदारीत सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक या तेलकंपन्यांची नावे होती. म्हणजे जागतिक तेल व्यवहारातली बातमी करणारा माणूस राजापुरातला, त्याच्याकडे दुचाकी, आणि मागे कोणी नाही. मोठ्या परदेशी संस्था आपल्या माणसांना धोक्याच्या जागी पाठवण्याआधी प्रशिक्षण देतात, विमा काढतात, कोणाला कधी फोन करायचा ते ठरवून देतात. तरीही जुलै २०२१ मध्ये रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी अफगाणिस्तानात मारले गेले. तालुक्याच्या वार्ताहराला तर यातले काहीच मिळत नाही. धमकी आल्यावर नोंद कशी ठेवायची, स्रोत आणि फोन कसे सांभाळायचे, एकट्याने कुठे जायचे नाही, कोणत्या संघटनेकडे मदत मागायची, हे शिकवणारा आमच्या केंद्रातला एकमेव घटक आंतरराष्ट्रीय पत्रकारितेच्या पेपरात आहे. पेपर गेला की तोही जाईल. ज्या तालुक्यात हे घडले त्याच्या जवळच्या केंद्रातून तो काढून घेताना कोणाच्याच मनात काही आले नसेल का?

आता पटसंख्या. मान्य आहे, वर्ग लहान आहे. पण तो लहान का राहिला हेही पाहावे. गेल्या वर्षी प्रवेशाच्या जाहिरातीत या अभ्यासगटाचे नावच नव्हते. आमच्या तुकडीच्या मुलांनी स्वतः कॉलेजा-कॉलेजांत जाऊन सांगितले, तोवर अर्जाची मुदत संपत आली होती. पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा रिकामी आहे आणि विषय तासिका तत्त्वावर एक सर शिकवतात. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकते, तरी त्यांनी एकही तास बुडवलेला नाही. शिक्षकाची जागा भरायची नाही, जाहिरात द्यायची नाही, आणि मग मुले येत नाहीत म्हणून वर्ग बंद करायचा, हा क्रम न्यायाचा नाही.

अभ्याससाहित्य सगळे इंग्रजीत. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा आहे, पण प्रश्नपत्रिकेचे मराठी भाषांतर इतके अवघड असते, की मुले इंग्रजी प्रश्न वाचून मराठीत उत्तर देतात. दर ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, कारण १८३२ मध्ये त्या दिवशी ‘दर्पण’ निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांच्या अंकात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असे. जवळजवळ दोनशे वर्षांनी त्यांच्याच किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला जगाबद्दल मराठीत शिकायला एक धड पाठ्यपुस्तक मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

ग्रंथालयाचे तर काय सांगावे. वृत्तसंस्थांचे संग्रह, परदेशी नियतकालिके, शोधनिबंधांची दालने यांचे वर्गणी भरलेले प्रवेश फक्त मुख्य परिसराच्या संगणकांवर चालतात. आम्हीही तेच शुल्क भरतो. इंटर्नशिपच्या श्रेयांकांसाठी मान्य संस्थांच्या यादीत फक्त मुंबईतली कार्यालये आहेत. तिथे बिनपगारी काम करायचे तर खोलीभाडे कुठून आणायचे? आमच्या वर्गातल्या एकीने याच कारणाने एक सत्र सोडले.

आणि शेवटी पद्धत. ना विद्यार्थ्यांना विचारले, ना शिकवणाऱ्या सरांना. निर्णय झाल्यावर कळवले.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे येऊ शकतो, की हे शिकून नोकऱ्या कुठे आहेत? मराठी वर्तमानपत्रे परदेशात बातमीदार नेमत नाहीत हे खरे. जगभर परदेशी ब्युरो कमी होताहेत हेही खरे. पण म्हणूनच परदेशी व्यवहाराची बातमी आता ज्याच्या दारात तिचा परिणाम उतरतो त्याच्याकडून लिहून घ्यावी लागते. बीबीसीची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली. मराठीत जग सांगणाऱ्या आणि जगाला इथले सांगणाऱ्या माणसांची गरज तिथपासून स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळांपर्यंत आहे. ब्रिटनमध्ये कार्डिफ आणि लंडनच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय पत्रकारितेची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. तिकडे जायला ब्रिटन सरकारची चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती आहे. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तो अनुभव आमच्या मुलांनी कुठे मिळवायचा? पायरी इथेच हवी.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट सांगते.

परिपत्रक मागे घ्यावे आणि येत्या वर्षाच्या प्रवेशाच्या जाहिरातीत केंद्रातल्या आंतरराष्ट्रीय पत्रकारितेचे नाव ठळक छापावे. किमान तीन वर्षे नीट प्रसिद्धी आणि शिक्षक देऊन वर्ग चालवावा, पटसंख्येचा विचार त्यानंतर करावा.

रिकामी जागा भरावी. ती भरेपर्यंत तासिका तत्त्वावरच्या सरांचे थकलेले मानधन द्यावे आणि पुढचे वेळेवर द्यावे.

ग्रंथालयाचे सर्व ऑनलाइन प्रवेश केंद्रातल्या विद्यार्थ्यांना घरून वापरता येतील असे करावेत. याला नवी वर्गणी लागणार नाही, फक्त परवानगी लागेल.

मूळ विषयाचे मराठी अभ्याससाहित्य तयार करायला अभ्यासमंडळाने एक गट नेमावा, त्यात किनारपट्टीतल्या कामकरी पत्रकारांना घ्यावे. आमची तुकडी आपल्या टिपणवह्या द्यायला तयार आहे.

अभ्यासक्रमात सागरी कामगार, स्थलांतर आणि निर्यात व्यापार यांच्या वार्तांकनाचा स्वतंत्र घटक घालावा. इंटर्नशिपच्या यादीत इथली साप्ताहिके, आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र, खलाशांसाठी काम करणाऱ्या संघटना यांना जागा द्यावी, म्हणजे मुलांना घर सोडावे लागणार नाही.

पत्रकारांच्या सुरक्षेचा घटक मात्र सगळ्यांना, ग्रामीण पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनाही, सक्तीचा करावा. त्याची कार्यशाळा जिल्ह्यातल्या वार्ताहरांसाठी दरवर्षी विनाशुल्क खुली ठेवावी. बाकीच्या मागण्यांत काही मागेपुढे झाले तर आम्ही बोलायला बसू. या मागणीत तडजोड नको, अशी आमची विनंती आहे.

विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि आमच्या दोन प्रतिनिधींना म्हणणे मांडायला वेळ द्यावा. प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी आम्हाला लेखी उत्तर हवे आहे. ते जसे येईल तसे, आमच्या बाजूचे असो वा विरोधातले, आम्ही या पत्राच्या शेजारी पूर्ण प्रसिद्ध करू.

आपली नम्र,
आंतरराष्ट्रीय पत्रकारिता अभ्यासगटाची एक विद्यार्थिनी,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी